घमेल्याखालचा साप

आषाढातील एका दुपारी पश्चिम महाराष्ट्रातील एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या कार्यालयात आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. जलसंधारणाच्या कामांविषयी एक लेख लिहावयाचा होता व त्यासाठी माहिती गोळा करणे हा माझ्या भेटीचा उद्देश होता. मुख्याध्यापक, सरपंचबाई, ग्रामपंचायतीचे दोन सदस्य आणि नुकतेच नेमणूक होऊन आलेले एक तरुण शिक्षक अशी मंडळी होती. बाहेर पाऊस लागून राहिला होता. कोणत्या वर्षी कोणता बांध झाला याविषयी मतभेद निर्माण झाला, तेव्हा जुने दप्तर काढावे असे ठरले. शाळेच्या शिपाईमामांनी भिंतीलगतचे लाकडी कपाट पुढे ओढले आणि त्यामागून हातभर लांबीचा एक साप फरशीवर येऊन पडला.

गडद तपकिरी अंग, त्यावर पांढरट आडवे पट्टे. सदस्यांपैकी एकजण ओरडले, "मण्यार!" पुढच्या क्षणी कार्यालयातील सर्व खुर्च्या रिकाम्या झाल्या. शिपाईमामांनी कोपऱ्यातील काठी उचलली. परंतु ती खाली येण्यापूर्वीच त्या तरुण शिक्षकांनी व्हरांड्यात पडलेले गवंड्याचे घमेले आणले, ते सापावर पालथे घातले आणि वर दोन विटा ठेवल्या. शाळेच्या स्वच्छतागृहाचे काम चालू होते म्हणून घमेले हाताशी होते, एवढाच त्या सापाच्या आयुष्यातील योगायोग.

तालुक्याच्या गावी एक सर्पमित्र आहेत. त्यांना दूरध्वनी केला. पावसामुळे यावयास पाऊण तास लागेल असे त्यांनी सांगितले. वर्गातील मुलांना दुसऱ्या इमारतीत नेऊन बसविण्यात आले. आम्ही मोठी माणसे मात्र व्हरांड्यात दाराशी उभी राहिलो व कार्यालयाच्या मध्यभागी पालथ्या पडलेल्या त्या घमेल्याकडे पाहत राहिलो.

सरपंचबाई म्हणाल्या, "गुरुजी, मारून टाका. वाट कसली बघायची?"

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आता झाकला आहे तो. कुठे जात नाही."

बाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना हे पटले आहे असे दिसत नव्हते. त्याचे कारण मला पुढे कळले.

मी कलाशाखेचा पदवीधर. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेतील बेडकाच्या आकृतीपलीकडे गेलेला नाही. तथापि त्या पाऊण तासात जे ऐकले, पाहिले आणि त्यानंतर जाणकारांकडून जे समजून घेतले, ते शिक्षक, पंचायत सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी यांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून जलसंधारणाचा विषय काही काळ बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

साप घरात का येतो?

साप माणसाच्या शोधात घरात येत नाही. तो येतो उंदरांच्या मागे, पालींच्या मागे, किंवा पावसाने बिळात पाणी शिरले म्हणून कोरड्या जागेच्या आश्रयाला. आपल्या खेड्यांतील घरांची रचना त्याला सोयीची असते. कणगीत धान्य असते म्हणून उंदीर असतात, भिंतीला लागून सरपण व गोवऱ्या रचलेल्या असतात, मोरीचे तोंड बाहेरच्या बाजूस उघडे असते आणि दार व उंबरा यांच्यामध्ये दोन बोटे फट असते. शाळा व कार्यालये यांची स्थिती फारशी वेगळी नाही. जुन्या कागदपत्रांचे गठ्ठे, मोडकी बाके, कधीही न हलविलेली कपाटे ही पालींची व उंदरांची वसतिस्थाने होत. आमच्या मुख्याध्यापकांच्या कपाटामागेही पालींची अंडी चिकटलेली दिसली. दप्तराची वर्षातून एकदा तरी झाडाझडती व्हावी असा नियम प्रत्येक कार्यालयात असतो. तो का पाळावा याचे एक कारण त्या दिवशी प्रत्यक्ष दिसले. (पालीविषयी जाता जाता सांगावयास हवे की ती विषारी नाही. दुधात पाल पडून विषबाधा झाली अशा बातम्या आपण वाचतो. तेथे दोष पालीच्या विषाचा नसून दूषित झालेल्या अन्नाचा असतो.)

भारतात सापांच्या सुमारे ३०० जाती आढळतात. माणसाचा जीव घेऊ शकतील इतक्या विषारी जाती त्यांत थोड्या. आणि बहुसंख्य मृत्यूंना कारणीभूत होणाऱ्या म्हणून चार नावे घेतली जातात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारही महाराष्ट्रात आहेत. याखेरीज सह्याद्रीच्या पट्ट्यात चापडा आहे. त्याच्या दंशाने सूज व वेदना पुष्कळ होतात, परंतु आपल्याकडे उपलब्ध असलेली प्रतिसर्पविष लस वरील चार जातींच्या विषावर बनविलेली असल्याने ती चापड्यावर लागू पडत नाही. त्या रुग्णावरील उपचाराची दिशा डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.

धामण, तस्कर, कवड्या, नानेटी, दिवड, गवत्या हे घराच्या आसपास दिसणारे साप बिनविषारी होत. यांपैकी धामण शेतकऱ्याच्या उंदरांचा बंदोबस्त करते हे आता बहुतेक शेतकरी जाणतात. तरीही ती अंगणात दिसली की काठी शोधली जाते. जाणणे आणि त्याप्रमाणे वागणे यांत जे अंतर आहे त्याचे हे रोजचे उदाहरण म्हणावयास हरकत नाही.

कवड्या की मण्यार?

घमेल्याखाली काय आहे यावर व्हरांड्यात वाद सुरू झाला. मण्यार म्हणणाऱ्यांचे बहुमत होते. तरुण शिक्षक कवड्या म्हणत होते, पण त्यांच्याही आवाजात खात्री नव्हती. हा गोंधळ केवळ त्या गावापुरता नाही. आपल्याकडे मण्यार म्हणून मारल्या जाणाऱ्या सापांत कवड्याची संख्या मोठी असावी, असे सर्पमित्र सांगतात.

दोघांतील साम्य वरवरचे आहे. दोघेही निशाचर, दोघांच्याही अंगावर गडद रंगावर फिकट आडवे पट्टे. मण्यारीचा रंग काळाभोर, निळसर झाक असलेला व विलक्षण तुकतुकीत असतो. तिचे पांढरे पट्टे बारीक असून पुष्कळदा जोडीजोडीने असतात. मोठ्या मण्यारीत ते मानेजवळ अस्पष्ट किंवा नुसत्या ठिपक्यांसारखे असतात व शेपटीकडे स्पष्ट होत जातात. कवड्याचे उलट आहे. त्याचा रंग तपकिरी, पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात, अंगाच्या दोन्ही बाजूंस खाली येताना रुंदावतात किंवा फाटे फोडतात, आणि शेपटीकडे पुसट होत जातात. कवड्याचे डोके चपटे व मानेपेक्षा रुंद, तर मण्यारीचे डोके मानेपासून फारसे वेगळे जाणवत नाही. जाणकारांची सर्वांत भरवशाची खूण पाठीच्या कण्यावरील खवल्यांची आहे. मण्यारीच्या पाठीवर मधोमध जी खवल्यांची ओळ असते ती इतर खवल्यांपेक्षा मोठी व षट्कोनी असते. कवड्याला अशी मोठी ओळ नसते. कवड्याचा मुख्य आहार पाली. त्यामुळे तो भिंतीवर, आढ्यावर सहज चढतो. मण्यार प्रामुख्याने जमिनीवर वावरते. इतर साप हे तिचे आवडते भक्ष्य असून उंदीर व सरडेही ती खाते.

एवढे वाचल्यावर वाचकांना वाटेल की आता आपण ओळखू शकू. तसे वाटणे हेच धोक्याचे आहे. मण्यारीच्या पिलांत पट्टे पुढपर्यंत दिसतात. कात टाकण्यापूर्वी सापाचे रंग मळकट होतात. रात्री विजेरीच्या उजेडात तपकिरी काळे दिसते. आणि पाठीवरील खवले मोजावयाचे तर जितके जवळ जावे लागेल तितके जवळ कोणीही सर्वसामान्य माणसाने जाता कामा नये. शिक्षकांनी हे फरक विद्यार्थ्यांना चित्रांवरून अवश्य शिकवावेत. निसर्गाकडे डोळसपणे पाहण्याची सवय त्यातून लागेल. मात्र घरात निघालेल्या सापाजवळ जाऊन त्याची जात ठरविण्याचे काम विद्यार्थ्याचे नाही, शिक्षकाचे नाही आणि माहिती अधिकाऱ्याचे तर मुळीच नाही.

ही चूक दोन्ही बाजूंनी होते. कवड्याला मण्यार समजले तर एक निरुपद्रवी जीव जातो. मण्यारीला कवड्या समजले तर काय होते, ते सरपंचबाईंनी सांगितले.

सरपंचबाईंचा पुतण्या

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईंच्या दिरांचा मुलगा, अकरा वर्षांचा, याच शाळेत शिकणारा. पावसाळ्याचे दिवस होते. घरातील मुले जमिनीवर वाकळ टाकून झोपली होती. मध्यरात्रीनंतर मुलगा उठला व काहीतरी चावले असे म्हणाला. दिवा लावून पाहिले. दंडावर फारसे काही दिसेना. सूज नाही, रक्त नाही, आगही नाही. उंदीर चावला असेल असे म्हणून सर्वजण पुन्हा झोपले. पहाटे त्याच्या पोटात दुखू लागले. रात्री जेवणात वाटाणे होते, ते बाधले असावेत असे समजून ओवा दिला. दिवस उजाडला तेव्हा त्याच्या पापण्या वर उचलेनात. रात्रभर झोप झाली नाही म्हणून असे होत असेल, असे वडीलधाऱ्यांस वाटले. पुढे त्याला थुंकी गिळता येईना, शब्द अडखळू लागले. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले की हे विष असावे. त्याला शेजारच्या गावी एका मांत्रिकाकडे नेले. तेथे दोन तास गेले. तालुक्याच्या रुग्णालयाकडे निघाले तेव्हा वाटेतच त्याचा श्वास थांबला.

हे सर्व सांगताना बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. मुख्याध्यापक नंतर बदलून आलेले. त्यांना हे ठाऊक नव्हते. ते एवढेच म्हणाले, "बाई, हे मला कुणी सांगितलं नाही."

वाचकांनी हा क्रम पुन्हा एकदा नीट वाचावा, कारण तो मण्यारीच्या दंशाचा जवळजवळ ठरलेला क्रम आहे. तिचे दात लहान. झोपेतील माणसाला दंश जाणवतोच असे नाही. नाग किंवा घोणस चावल्यास जागेवर जी वेदना व सूज येते ती येथे नसते. पोटदुखी हे पहिले लक्षण असू शकते. त्यानंतर पापण्या जड होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, गिळण्यास त्रास, बोलणे अस्पष्ट होणे आणि शेवटी श्वसनाचे स्नायू लुळे पडणे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसास पहाटे अचानक पोटदुखी सुरू झाली व पापण्या मिटू लागल्या, तर दंशाची खूण सापडो वा न सापडो, तो सर्पदंश समजून रुग्णालय गाठावे. ही एक गोष्ट प्रत्येक अंगणवाडी सेविकेला, आशा कार्यकर्तीला व शिक्षकाला तोंडपाठ असली पाहिजे.

लसीविषयीही एक गैरसमज आहे. लस टोचली की माणूस उठून बसेल अशी नातेवाइकांची अपेक्षा असते. लस रक्तात फिरणारे विष निकामी करते. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांना जी इजा करते ती एकदा झाली की भरून येण्यास काही दिवस लागतात. तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. असा रुग्ण बाहेरून निर्जीव भासतो, डोळे उघडत नाही, बोट हलवीत नाही; पण तो शुद्धीवर असून सर्व काही ऐकत असू शकतो. आशा सोडून त्याला घरी नेणारे नातेवाईक एका जिवंत माणसाला परत नेत असतात. लस लवकर मिळाली व श्वास टिकवून धरला, तर मण्यार चावलेली माणसे पूर्ण बरी होऊन चालत घरी जातात.

या प्रश्नाचे देशव्यापी स्वरूप काय आहे? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. यांतील फार मोठा वाटा ग्रामीण भागाचा असून चतुर्थांशाहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालील मुलांचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र शासनाने सर्पदंशाच्या प्रतिबंध व नियंत्रणासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. मृत्यूंचे व अपंगत्वाचे प्रमाण २०३० पर्यंत निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सर्पदंशाची नोंद सर्व रुग्णालयांनी शासनास कळविणे बंधनकारक करावे असे राज्यांना सुचविण्यात आले. नोंद नाही तेथे गरज दिसत नाही, आणि गरज दिसली नाही तर लसही त्या ठिकाणी पोहोचत नाही. सरपंचबाईंच्या पुतण्याची नोंद कोठे झाली असेल, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

मांत्रिकाविषयी कायद्याची बाजू स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारापासून रोखणे व त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हे कृत्य अंतर्भूत आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. मंत्राने साप उतरल्याची जी उदाहरणे लोक देतात, त्यांचा उलगडा सोपा आहे. पुष्कळसे दंश बिनविषारी सापांचे असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरेसे विष सोडतोच असे नाही. अशा रुग्णाला मंत्राची गरज नसते व श्रेय मात्र मंत्राला मिळते.

सर्पमित्र आले

पाऊण तासाऐवजी सव्वा तास लागला. आलेला तरुण तालुक्याच्या गावी विहिरीच्या मोटारी दुरुस्त करण्याचे काम करतो. त्याने प्रथम सर्वांना व्हरांड्यातूनही मागे हटविले, कार्यालयातील सामान डोळ्यांखालून घातले, लांब आकडीने घमेले एका बाजूने उचलले आणि काही क्षणांतच साप झाकणाला छिद्रे असलेल्या पारदर्शक बरणीत गेला. गळ्यात घालणे नाही, शेपटी धरून फिरविणे नाही, छायाचित्रे काढणे नाही. काही ठिकाणी सर्पमित्र म्हणविणारे लोक सापांचे खेळ करून दाखवितात. त्यातून स्वतः सर्पमित्रांचेही बळी गेले आहेत. या तरुणाचे काम पाहून समाधान वाटले.

"कवड्या आहे," तो म्हणाला. बरणी उजेडात धरून त्याने मानेपासून सुरू झालेले पट्टे व शेपटीकडचा साधा तपकिरी रंग दाखविला. व्हरांड्यात हशा पिकला. तरुण शिक्षकांकडे सर्वांनी कौतुकाने पाहिले. सरपंचबाई हसल्या नाहीत.

त्यांनी विचारले, "आणि खरीच मण्यार निघाली असती तर?"

"तरी हेच केलं असतं, काकू. फक्त घमेलं कुणी टाकलं त्याला जास्त बोललो असतो. आपला हात आणि साप यात घमेल्याएवढंच अंतर होतं, गुरुजी. पुन्हा असं करू नका."

तरुण शिक्षकांनी मान डोलावली. बाई पुढे म्हणाल्या, "आमचा पोरगा गेला तेव्हा गावानं दोन दिवसांत तीन साप मारले. दोन धामणी होत्या, एक पाण्यातला होता. त्याला चावली ती काही घावलीच नाही."

यावर त्या तरुणाने उत्तर दिले नाही. मलाही सुचले नाही.

साप दिसला तर काय करावे हे त्याने ज्या शब्दांत सांगितले ते येथे देतो. माणसे, विशेषतः मुले, आणि जनावरे दूर न्यावीत. आतल्या खोल्यांची दारे लावून घ्यावीत व बाहेरचे दार उघडे ठेवावे. गोंधळ थांबला तर पुष्कळदा साप आपल्या वाटेने निघून जातो. एकाने सुरक्षित अंतरावरून, दहा-बारा फुटांवरून, त्याच्यावर नजर ठेवावी, कारण नजरेआड झालेला साप शोधणे हेच सर्वांत कठीण काम असते. त्याच्यावर रॉकेल, फिनेल, तिखट टाकू नये; धूर करू नये. डिवचलेला साप कोपऱ्यात शिरतो आणि मग सामान हलविणाऱ्याला चावतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा परिचित सर्पमित्रास कळवावे. मेलेल्या सापालाही हात लावू नये. तुटलेले डोकेदेखील काही वेळ चावू शकते.

काठी उगारणारा माणूस सापाच्या मारकक्षेत येतो, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. साप मारावा की नाही हा प्रश्न आपण भूतदयेचा समजतो व म्हणून ज्यांच्या घरात दुःख झाले आहे त्यांना तो उपदेश बोचतो. वस्तुतः तो मारणाऱ्याच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. कायद्यापुरते सांगावयाचे तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यास मारणे, पकडणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. २०२२ च्या सुधारणेने अनुसूचींची फेररचना झाली. परंतु संरक्षणाचे तत्त्व कायम आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणार्थ सद्भावनेने मारल्यास तो अपराध ठरत नाही, अशी तरतूदही त्याच अधिनियमात कलम ११ मध्ये आहे. म्हणजे आपल्या पाळण्याजवळचा नाग मारणाऱ्या आईला कायदा गुन्हेगार ठरवीत नाही. घमेल्याखाली झाकलेला साप मारणे मात्र त्या तरतुदीत बसविणे अवघड आहे.

विंचवाविषयी येथे विस्ताराने लिहावयास जागा नाही. एवढेच सांगतो की कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ मुले दगावत. महाड परिसरात वैद्यकीय सेवा करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यावर होतो हे दाखवून दिल्यानंतर हे चित्र पालटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री किताब मिळाला. ग्रामीण रुग्णालयात बसून केलेल्या निरीक्षणाने जगाच्या वैद्यकशास्त्रात भर पडते, हे त्यांचे उदाहरण प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तरुण डॉक्टरांनी डोळ्यांसमोर ठेवावे. सापांच्या बाबतीत तोच मान मुंबईतील परळच्या संस्थेकडे जातो. १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी स्थापन झालेली ती प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते व प्रतिसर्पविषाच्या कार्यात तिचे नाव आहे. लोकांच्या मनातील भीती कमी करण्याचे काम मात्र वेगळ्या माणसांनी केले. पुण्याचे नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसमवेत ७२ तास काढले तेव्हा ते पाहण्यास लोटलेल्या गर्दीला प्रथमच कळले की न डिवचलेला साप आपणहून माणसावर धावून जात नाही. असले प्रयोग कोणी करून पाहावेत असे मात्र नव्हे.

दंश झालाच तर करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. रुग्णास धीर द्यावा, चालवू नये, दंश झालेला हात वा पाय फळी बांधून हाडमोडीप्रमाणे स्थिर ठेवावा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण लगेच काढावेत. घट्ट दोरी आवळू नये, जखम कापू नये, चोखू नये, बर्फ लावू नये. साप पकडून किंवा मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये. महाराष्ट्रात वापरली जाणारी लस चारही प्रमुख जातींवर एकत्रित असल्याने त्याची आवश्यकता नसते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येण्यास उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. शेतकरी कुटुंबातील व्यक्तीचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली दोन लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते. त्यासाठीही रुग्णालयातील नोंद उपयोगी पडते.

पावसाने उघडीप दिल्यावर

चारच्या सुमारास पाऊस थांबला. साप दूर डोंगरात नेऊन सोडावा असे सदस्यांचे म्हणणे होते. सर्पमित्राने समजावले की अनोळखी मुलखात सोडलेला साप बहुधा जगत नाही. त्याला जवळच, पण वस्तीपासून बाजूला, आडोसा असेल अशा जागी सोडणे योग्य. गावाच्या वरच्या अंगाला दगडी बांध होता. (तो कोणत्या वर्षी झाला याविषयीचा मूळ वाद अद्याप मिटलेला नव्हता.) आम्ही सर्वजण तेथपर्यंत चालत गेलो. सरपंचबाईही आल्या. त्यांनी येण्याचे कारण नव्हते.

बरणी आडवी केली. कवड्या काही वेळ तसाच पडून राहिला, मग दगडांच्या फटीत शिरला आणि शेपटीचा साधा तपकिरी भाग तेवढा क्षणभर दिसला. बाई जवळ येऊन त्या फटीकडे पाहत उभ्या राहिल्या. परतताना त्यांनी सर्पमित्रास विचारले की जमिनीवर झोपणाऱ्यांनी काय करावे. तो म्हणाला, खाट असेल तर खाट. नसेल तर मच्छरदाणी, तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोवून. रात्री बाहेर जाताना पायात वहाण आणि हातात विजेरी. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी. सरपण भिंतीपासून लांब.

"गावात खाटा किती घरांत आहेत, गुरुजी?" बाईंनी मुख्याध्यापकांना विचारले. त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी मुलांकडून माहिती गोळा करण्याचे कबूल केले. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीच्या कुप्या किती असतात व रात्री कोण हजर असते, हे विचारण्याचे काम एका सदस्यांनी आपल्याकडे घेतले. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर मोऱ्यांच्या जाळ्यांचा विषय घेण्याचे ठरले. तो कोणत्या निधीतून करावयाचा यावर चालता चालताच चर्चा रंगली.

शाळेत परत आलो तेव्हा स्वच्छतागृहाचे काम थांबलेले होते. गवंडी दाराशी उभा राहून आपले घमेले मागत होता.